पंख्याला टवका

२८ सप्टेंबर, रविवार

म्हणाल्या. साळवी मॅडम अखेर म्हणाल्या.

आज सकाळी फ्लाइंग क्लबच्या माळावर ओळीनं लँडिंग केली. शेवटचं तर असं टेकलं की चाक कधी लागलं ते कळलंच नाही. इंजिन बंद केलं. मॅडमनी हेडफोन काढला आणि पट्टा सोडता सोडता म्हणाल्या, "शुभांगी, पुढच्या वेळी मी उतरणार. तू जाणार." एवढंच. मागं न बघता चहाकडे निघून गेल्या. मी तशीच बसून. पाय अजून पेडलवर.

सोलो. उजवी सीट रिकामी. विमान माझ्या एकटीच्या हातात.

येताना भीमेचा पूल, न्हावरा, सगळं कधी मागं पडलं आठवत नाही. शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या रांगेत अडकले तरी कुणाला शिवी दिली नाही. यावरून काय ते समजावं.

केंदूरला पोचल्या पोचल्या आबांना सांगितलं. सासरे, पण उभी हयात एसटीवर ड्रायव्हर, त्यामुळे या घरात स्टिअरिंगची भाषा कळणारे तेवढेच एक. गोठ्याच्या कट्ट्यावर बसले होते. बराच विचार केला.

"म्हंजी येकटीच? कंडक्टर बी न्हाई?"

"नाही आबा."

"मग बेल कोन मारनार? दोन बेल पडल्याबगर गाडी हालवायची नसती."

संजय दुधाचे कॅन धूत होता. म्हणाला, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ऐकलं होतं. उतावळी बायको आज बघितली." मी कॅनवर पाणी उडवलं. हसले सगळे. म्हशीसुद्धा हसल्या असतील.

एकच गोष्ट टोचते. मॅ. पंधरा तारखेला चालल्या, मोठ्या विमान कंपनीत. त्यांच्या जागी कोण येणार, कधी येणार, कुणाला पत्ता नाही. आणि येणारे सर मला पहिल्यापासून तपासणार, हे नक्की. म्हणजे सोलो पंधराच्या आत. दसऱ्याला सुट्टी आहे, विमान आहे, मॅ. आहेत. न व्हायला काय झालं.


३० सप्टेंबर, मंगळवार

कंपनीत सेकंड शिफ्ट. सकाळी उडता यावं म्हणून वर्षभर हीच शिफ्ट मागून घेतली आहे. हातात पार्ट, डोकं आभाळात. तरी एक लॉट रिजेक्ट केलाच. लाइनचा सुपरवायझर धावत आला. "मॅडम, थोडंच तर आहे."

"थोडं म्हणजे किती? ड्रॉइंगमध्ये थोडं असं माप नसतं."

माझं आवडतं वाक्य. क्वालिटीत आल्यापासून याच वाक्यावर पगार घेते.


१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. आबांनी कोयता, खुरपी, पहार, दूध काढायचं मशीन, सगळं धुऊन ओट्यावर मांडलं. माझा माप घ्यायचा व्हर्नियरसुद्धा पर्समधून काढून नेला. हळदकुंकू लावताना मधेच थांबले.

"आन् तुझ्या इमानाची पूजा कोन करनार?"

"आबा, ते क्लबचं आहे."

"गाडी बी म्हामंडळाची व्हती. हार मीच घालायचो. जी आपल्याला वाहती तिला दसऱ्याला उपाशी ठिवायची व्हय?"

 मॅ. ना फोन लावला, भीत भीत. त्या चक्क हसल्या. म्हणाल्या, करू द्या की, फक्त नाकावरच्या पंख्याला काही बांधायचं नाही, आणि पूजा होईपर्यंत चावी माझ्या खिशात.

झेंडू आणला. आपट्याची पानं पिशवीत. रांगोळी मी काढणार. आबांनी जुना खाकी शर्ट इस्त्रीला दिला आहे. उद्या पूजा, चक्कर, आणि मॅ. चा मूड असला तर

नको. लिहायला नको. दृष्ट लागेल.


२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

नीट लिहायचं. क्रमानं लिहायचं.

सकाळी आबा आणि मी जीपनं गेलो. आबा खाकी शर्ट, पांढरी टोपी. दौंडच्या हद्दीत माळावर पोचलो तर विमान शेडबाहेर काढून ठेवलेलं. पांढरं, उन्हात नुसतं झळकत होतं. नाकासमोर मी कमळाची रांगोळी काढली, चांगली ऐसपैस. आबांनी नाकाला हळदकुंकू लावलं, पंखाखालच्या दांडीला हार बांधला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मॅ. मोबाइलवर फोटो काढत होत्या. लिंबू बघून म्हणाल्या, "हे चेकलिस्टमध्ये नाही हं, आबा."

मग आबांनी बांधावरून एक काळा दगड उचलून आणला, रांगोळीच्या कडेला ठेवला आणि एका फटक्यात नारळ फोडला. जवान माणसाला जमणार नाही असा. पाणी चाकावर शिंपडलं. करवंट्या उचलल्या, दगड स्वतः नेऊन शेडच्या भिंतीला लावला. सगळ्यांनी खोबरं खाल्लं.

"पूजा झाली की गाडी हालवाया लागती," आबा म्हणाले. "हुबी ठिवू न्हाई."

मॅ. नी चावी काढली. "चल शुभांगी, एक चक्कर."

मी विमानाभोवती फेरी मारली. नेहमीची तपासणी. तेल, पेट्रोल, पंख, शेपूट, चाकं. हार सोडला. लिंबू बाजूला केलं. पंखा बघितला, पण बाजूनं. समोर रांगोळी होती ना. रांगोळीवर पाय द्यायचा नाही, हे मला कुणी शिकवल्याचंसुद्धा आठवत नाही, इतकं ते अंगात आहे. मी लांबून वळसा घातला. रोज जिथं वाकून जमीन बघते तेवढीच जागा आज बघितली नाही.

चावी फिरवली. पंखा फिरला. पॉवर दिली तशी रांगोळी उडाली, पांढरी, गुलाबी धूळ काचेवर आली, क्षणभर मला ते फार सुंदर वाटलं. आणि मग खट्ट.

माझ्या आधी मॅ. चा हात गेला. इंजिन बंद. असली शांतता मी कधी ऐकली नाही.

उतरलो. पंख्याच्या पात्याला, टोकापासून वीतभर अलीकडे, पुढच्या धारेवर टवका. तांदळाच्या दाण्याएवढा. नारळ फोडताना दगडाचीच एक कपची निघून रांगोळीच्या पांढऱ्यात पडली होती. पंख्यानं ती ओढून घेतली. मॅ. ना ती चाकाजवळ सापडली. त्यांनी ती आबांना दाखवली नाही, खिशात टाकली. पण आबांनी बघितलं.

"आज उड्डाण नाही," मॅ. म्हणाल्या. "कधी, ते इंजिनिअर मोमीन सांगतील."

आपट्याची पानं पिशवीतच राहिली. 


३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी आबा चहाला आले नाहीत. गोठ्यात जाऊन बसले. मी कप घेऊन गेले.

"उभ्या सर्व्हिसमदी गाडीला वरखडा न्हाई येऊ दिला," म्हशीकडं बघत म्हणाले. "आन् सुनंच्या गाडीला मीच. माझा पाय न्हाई आता तिकडं."

"आबा, दगड तुमचा होता. पण तपासणी माझी. आणि रांगोळीपण माझी."

"दगड माझा व्हता."

"तपासणी माझी होती, आबा."

असं बराच वेळ. दोघंही मागं हटेनात. शेवटी संजय वैरण टाकता टाकता म्हणाला, "अर्धा अर्धा वाटून घ्या. तांदळाएवढा टवका आन् त्याला दोन मालक."

आबा हसले नाहीत. मला मात्र हसू आलं आणि मग रडू. कप गोठ्यातच विसरले.


५ ऑक्टोबर, रविवार

आज मोमीनभाई आले. दौंडचे, विमानांचे इंजिनिअर. सहीचा अधिकार त्यांचा. त्यांची सही नाही तर विमान म्हणजे शेडमधलं कपाट.

आल्या आल्या पहिलं काय, तर मॅ. कडे हात पुढे केला. "चावी." ती स्वतःच्या खिशात टाकली आणि मगच पंख्याला हात लावला. मला हे फार आवडलं. मग नख. धारेवरून नख हळूहळू नेलं. टवक्याला आलं तसं नख अडकलं, टक् असा आवाज मलासुद्धा आला. मग भिंग. मग बॅटरी. मी त्यांच्या खांद्यावरून इतकी वाकले की म्हणाले, "ताई, उजेड तरी येऊ द्या."

मी विचारलं, तांदळाएवढ्या टवक्यानं असं काय होतं?

"कापड फाडायचंय तर आधी काय करता? कात्रीनं छोटी चीर देता. मग दोन्ही हातांनी ओढलं की फर्रकन जातं. ही ती चीर. आणि हा पंखा फिरताना पातं सारखं बाहेर ओढलं जातं. वर असताना टोक तुटलं तर इंजिन इतकं हादरतं, इतकं हादरतं की..."  हातानं काहीतरी सुटून पडल्यासारखं केलं.

पण म्हणे प्रत्येक टवका म्हणजे मरण नाही. कानसीनं घासून सपाट करता येतो, बुकात माप दिलंय, त्या मापात बसलं तर. बसेल. अगदी काठावर, पण बसेल. नंतर लाल रंगाची टेस्ट. खाली भेग गेली असेल तर पंखा बाहेर पाठवायचा. मग महिनाभर विसरा.

महिनाभर. मॅ. पंधराला जाणार.

आणि मग माझ्या तोंडून गेलं, "मोमीनभाई, थोडंच आहे ना?"

ऐकलं मी स्वतःला. त्या सुपरवायझरचा आवाज, तोच सूर, तोच चेहरासुद्धा झाला असेल.

मोमीनभाई भिंग पुसत म्हणाले, "थोडं मतलब किती, ताई? बुकात थोडं असं माप नसतंय."

मॅ. ना कळेना मी एवढी का हसतेय. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. पण हसता हसता बरं वाटलं. हा माणूस माझ्यासारखाच आहे. हा थोडंच आहे म्हणून सोडणार नाही. याच्या सहीवर मी एकटी वर जाऊ शकते.

रंगाचे स्प्रे पुण्याहून यायचेत. गुरुवारी काम. माझी सुट्टी. बघू म्हणावं कोण अडवतं मला तिथं उभं राहायला.


७ ऑक्टोबर, मंगळवार

कँटीनमध्ये मान वर करून छताचे पंखे बघत बसले. एकाचं पातं वाकलंय, एकाला टवका नाही, चांगली खाच आहे. कुणाला पर्वा नाही. जेवण गार झालं.

आजचा लॉट ओके. सुपरवायझरला मीच सांगायला गेले, तर तो घाबरला.

आबा अजून चहा गोठ्यातच घेतात. सं. म्हणतो, त्यांना वेळ दे. वेळच तर नाही.


९ ऑक्टोबर, गुरुवार

काय दिवस. सगळं लिहून ठेवणार आहे.

आबांना म्हटलं, चला. "न्हाई." मग जीप सुरू केल्यावर काचेपाशी येऊन, "फोन कर. बरंवाईट काय आसंल ते."

मोमीनभाईंनी पंखा आडवा केला, चावी खिशात, इंजिनाची वायर सोडलेली. पात्याखाली स्टूल, स्टुलावर चादर. गोल कानस. मला वाटलं होतं टवक्यात कानस घालून तो खरवडणार. तसं नाही. टवक्याच्या दोन्ही बाजूंनी लांबवर घासायचं, पात्याच्या लांबीनं, आडवं कधीच नाही. "खड्डा काढायचा नसतो," ते म्हणाले, "खड्ड्याचा उतार करायचा." आमच्या नांगरटीत ओघळ पडला की संजय हेच करतो. धातूचा चकचकीत कीस चादरीवर पडत होता. त्यातला चिमूटभर मी रुमालात बांधून घेतलाय. हसू दे कुणाला हसायचं ते.

थोडं घासलं की माप. परत घासलं की माप. मीसुद्धा माझा व्हर्नियर काढला. त्यावर अजून खंडेनवमीचं कुंकू. मोमीनभाईंनी बघितलं आणि स्वतःचं माप घेतल्यावर माझ्याकडं हात केला. "ताई, तुमचं किती?" सांगितलं. जुळलं. विमानाच्या पंख्याचं माप, आणि माझं जुळलं. शेडमध्ये नाचायची सोय नव्हती.

मग पॉलिश पेपर. पातं आरशासारखं. मग लाल स्प्रे. धार सगळी लालभडक. भेग असेल तर लाल तिच्यात मुरतो. थांबायचं. मग लाल पुसून काढायचा, पार स्वच्छ, आणि वर पांढरा स्प्रे, चुन्यासारखा. आत मुरलेला लाल मग पांढऱ्यावर उमटतो. नाही उमटला तर भेग नाही.

पांढरं झालं. आम्ही तिघं वाकून. मॅ., मोमीनभाई, मी. 

आणि उमटली.

केसाएवढी. लाल. टवका होता बरोबर तिथंच.

 मॅ. नी माझा दंड धरला, घट्ट. मोमीनभाई एकटे शांत. भिंग लावून इतका वेळ बघत राहिले की मला त्यांना हलवावंसं वाटलं. मग म्हणाले, "ही भेग आहे, किंवा टवक्याचा तळ शिल्लक राहिलाय. दोन्हीचा रंग सारखाच दिसतो. बुक अजून थोडं घासू देतं." माझ्याकडं बघितलं. "किती थोडं, ते मोजून सांगतो."

सगळं पुसलं. परत कानस. आता इतक्या हलक्या हातानं की कीस दिसेना. माप. अजून एक हात. माप. "बस," म्हणाले. "यापुढं बुक नाही. आता जे आहे ते आहे."

परत लाल. परत थांबा. मी शेडबाहेर जाऊन उभी राहिले. माळावर गवत पिवळं पडायला लागलंय. एक मेंढपाळ लांबून मेंढरं नेत होता. मला नवस आठवेना, एकही. नुसतं म्हणत होते, पांढरं राहू दे, पांढरं राहू दे.

मॅ. ची हाक आली. "शुभांगी, ये."

पांढरं. कोरं पांढरं. एक ठिपका नाही.

मी मोमीनभाईंच्या पाया पडायला वाकले तर ते स्टुलामागं पळाले. "अरे ताई, कानस लागेल!"

आबांना फोन. "आबा, पांढरं."

"म्हंजी?"

"म्हंजी भेग नाही. पंखा चांगलाय."

 मग "बरं." फोन ठेवायचं मात्र विसरले. म्हशीला सांगताना ऐकू आलं, "भेग न्हाई गं." मी फोन कानाला धरून माळावर उभी, आणि डोळ्यांतलं पाणी थांबेना.


११ ऑक्टोबर, शनिवार

इंजिन चालवून बघितलं. थरथर नाही. मोमीनभाईंनी काचेजवळ पाण्याचा ग्लास धरला होता, आपला स्वतःच्या समाधानासाठी. पाणी जरा शहारलं, बस. मग सही केली. सही फार वाईट आहे त्यांची, मुंगी चालल्यासारखी. जगातली सर्वात सुंदर सही.

मॅ. आधी एकट्या गेल्या. माळावरून फेरी मारून डोक्यावरून गेल्या तेव्हा पंख्याचा आवाज ऐकला. मी तो आवाज आता झोपेतसुद्धा ओळखीन. उतरल्या, दार उघडून म्हणाल्या, "लोण्यासारखं."

उद्या सकाळी.


१२ ऑक्टोबर, रविवार

पहाटे जीप काढायला गेले तर आबा आधीच आत बसलेले. मांडीवर घमेलं, पायाशी खराटा.   शिक्रापूर आलं. मग, "खडं येचायला येतोय. इमानाला हात लावनार न्हाई."

धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आबा चालले. वाकून, सावकाश. मॅ. म्हणाल्या, अहो आबा, एवढं नको, आम्ही बघतो. आबा थांबले नाहीत. "डेपोत गाडी काडायच्या आदी खाली वाकून बगायचं, आसं आमी नव्या पोरास्नी शिकवायचो. म्या शिकवायचो." परत आले तेव्हा घमेल्यात खडे, एक वाकलेला खिळा, बाटलीची काच, कुणाच्या तरी चपलेचा अंगठा. मॅ. त्या घमेल्याकडं बघतच राहिल्या. मीसुद्धा. यावरून आपण रोज जात होतो.

उडालो. मॅ. उजवीकडं. पंख्याच्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा माझे हात. वर गेल्यावर भीमा दिसली, ऊस दिसला, हायवेवर ट्रक मुंगळ्यांसारखे. मन इतकं भरलं की मॅ. ना दोनदा सांगावं लागलं, उंची बघ, उंची.

पण वारा. तासाभरात आडवा सुटला. पट्टीच्या कडेचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा पट्टीला काटकोनात ताणलेला. मॅ. नी सीटचा पट्टा सोडला नाही. "आज नाही."

घोडामैदान जवळ आलं आणि घोडाच बुजला.


१३ ऑक्टोबर, सोमवार

ढग. भुरभुर. दिवसभर. सं. डाळिंबाकडं बघून शिव्या देतोय, मी आभाळाकडं बघून. घरात आज शिव्यांची कमी नाही.

मॅ. चा मेसेज: सामान बांधून झालं. परवा सकाळी निघते. उद्या शेवटचा प्रयत्न. लवकर ये.

आबा देवळात जाऊन आले. काय मागितलं विचारलं, तर म्हणाले, "काय न्हाई. वारा पडू दे म्हनलं."


१४ ऑक्टोबर, मंगळवार

हे विमानात बसून लिहितेय. वही गुडघ्यावर. अक्षर असंच येणार.

आज वारा नाही. मोजा मेल्यासारखा लोंबतोय. मॅ. बरोबर दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या लँडिंगला त्यांनी काडीची सूचना केली नाही. शेडपाशी आणून थांबवलं. त्यांनी दार उघडलं. उतरल्या. स्वतःच्या सीटचा पट्टा मोकळ्या सीटवर नीट बांधून ठेवला, म्हणजे कुठं अडकायला नको. वाकून माझ्याकडं बघितलं.

"माझ्याशिवाय हलकं वाटेल. लवकर उचलेल. घाबरू नको."

"नाही मॅडम."

"आणि थांब. ते बघ."

नदीकडून धुकं आलं होतं. सकाळी दूध तापवल्यावर येते तशी साय, उसावरून सरकत पट्टीच्या पलीकडच्या टोकावर. मॅ. म्हणाल्या, इंजिन बंद कर, ऊन वर आलं की जाईल. नाही गेलं तर नाही.  त्यांची गाडी उद्या सकाळची.

तर बसलेय. उजवीकडं पट्टा बांधलेला, माणूस नाही. बघवत नाही आणि नजर हटत नाही. भीती नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा इतकी उतावळी नव्हते. संजयला सांगू नये.

थांबले त्या वेळात खाली उतरून परत एक फेरी मारली. चावी काढून मॅ. कडे दिली आणि मग पंख्यापाशी गेले. समोरून. गुडघे टेकून, नाकाखालची सगळी जमीन हातानं चाचपली. रांगोळी नाही, काही नाही, नुसती माती. मग घासलेल्या जागेवरून नख नेलं. नख कुठंच अडकलं नाही. तिथं कधी काही झालं होतं हे बोटाला सांगता येत नाही. मला येतं.

चावी परत घेतली.

आबांनी नारळ आणलाय. पिशवीत आहे, शेंडीसकट. सकाळीच म्हणाले, "परत आलीस का मंग. आन् हितं न्हाई, लांब. त्या बाभळीपाशी." दगड कोणता घेणार विचारलं, तर रागावले.

ते आत्ताच धुक्यात गेले होते. पट्टीच्या त्या टोकाला, घमेलं घेऊन. परत येताना काहीच दिसत नव्हतं, मग टोपी दिसली, मग शर्ट. खाकीच घातलाय आज. मॅ. वाऱ्याच्या मोज्यापाशी उभ्या, हात कमरेवर, तिकडं बघत. टोकाची बाभूळ मघाशी दिसत नव्हती. आता दिसते. बुंधा नाही, शेंडा दिसतो.

बुंधापण दिसला.

आबा पट्टीच्या कडेला येऊन थांबलेत. माझ्याकडं बघतायत. घमेलं पालथं करून दाखवलं. रिकामं. एक खडा पडला नाही.

मॅ. नी मान हलवली. हो अशी वाटली. मी काचेतून परत बघितलं, परत हलवली.

आबांनी घमेलं छातीशी धरलं आणि बोटातल्या अंगठीनं त्याच्या बुडावर वाजवलं. इथपर्यंत ऐकू आलं. एकदा.

मग परत एकदा.